बाब चौदा: पूर्वेची खिडकी

रविवार, १७ फेब्रुवारी २००२. सकाळी साडेदहा. स्थळ: रेल्वे क्वार्टर, पुढची खोली. हजर: मी, हे, धाकटे भाऊजी, ठेकेदार आणि मुलगी (चहा देण्यापुरती). विषय: नव्या घराच्या खर्चाचा अंदाज.

असं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मी शाळेच्या कार्यालयात काम करते आणि कागदावर न आलेली गोष्ट झाली असं मी मानत नाही. घरातही तीच सवय. त्या दिवशी सगळ्यांनी दोनदोन बशा पोहे खाल्ले, ठेकेदारांनी तिसरी मागून घेतली. पोहे कुणी केले ते मात्र वहीत नाही. ते आत्यांनी केले. त्या स्वयंपाकघरात होत्या, म्हणून मी त्यांचं नाव हजेरीत लिहिलं नाही.

आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या, लग्न केलं नाही. ह्यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा वर्ध्याकडच्या गावातून ह्यांना आणि भाऊजींना त्या रायपूरला घेऊन आल्या. दोघं त्यांच्या क्वार्टरमध्ये वाढले. पुढे हे रेल्वेच्या ऑफिसात लागले, भाऊजी भिलाईला कारखान्यात. आत्या रिटायर झाल्या आणि आमच्याकडे राहायला आल्या. म्हणजे आम्ही तसं म्हणायचो. खरं तर आम्हीच कायम त्यांच्याकडे राहिलो होतो.

ज्या प्लॉटवर घर बांधायचं होतं तोही त्यांचाच. तीस बाय चाळीसचा, रायपूरच्याच पंडरी भागाच्या बराच पलीकडे. त्यांनी तो घेतला तेव्हा तिथे धान लावत असत आणि बरोबरच्या नर्सा त्यांना म्हणत, शेती करशील का आता. मग मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं झालं, भोपाळऐवजी रायपूर आमची राजधानी झालं आणि वर्षभरात त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी विटांचे ढीग दिसू लागले. सिमेंट आणि सळया आमच्याच गावाभोवतीच्या कारखान्यांत होतात. त्यांची काजळी माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसते. पण भाव विचारला की दुकानदार म्हणणार, दीदी, अब राजधानी है. काजळी गावाच्या हिशोबानं, भाव राजधानीच्या.

आत्यांनी घराबद्दल एकच गोष्ट मागितली होती, मीटिंगच्या चार दिवस आधी, मी गहू निवडत असताना.

"सूनबाई, मले खाली एक खोली दे. लहान चालन. पूर्वेले खिडकी पाहिजे मात्र."

"पूर्वेलेच काहून?"

"चौतीस वर्षं रात्रपाळी केली. दिवसा खिडकीले कांबळं बांधून झोपली मी. आता उजेडानं उठून पाहाचं आहे, कसं लागते."

मी लगेच यादीत लिहिलं. बाब चौदा: आत्यांची खोली, पूर्वेला खिडकी, चार बाय चार. पुढे कंसात: पलंगावरून दिसेल अशी.

मीटिंगला माझ्याकडे एकतीस बाबी होत्या. पाया, मुरूम, विटा, स्लॅब, दारं, खिडक्या, नळ, वीज, रंग. ठेकेदार चांगला माणूस होता. पांढरा शर्ट, कानामागे पेन्सिल, छत्तीसगढी वळणाची हिंदी. त्यांनी बाबी एकेक करून बघितल्या, प्रत्येकीपुढे आकडा टाकला, बेरीज केली आणि वही माझ्याकडे सरकवली. बेरीज आमच्या कर्जाच्या आणि शिल्लकीच्या वर जात होती, पण थोडीच. दोन बाबी मागे टाकल्या असत्या तर निभावलं असतं. मी पेन उघडलंही होतं.

तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही हे घर कोणासाठी बांधून राहिल्या?"

"आपल्यासाठी."

"तेच तर चुकते. सगळं रायपूर भोपाळवाल्यांसाठी बांधून राहिलं. तिथून साहेब लोक येऊन राहिले, त्यांना राहाले जागा नाही. वरचा मजला काढा. भाडं येईन, हप्ता त्याच्यातच निघून जाईन. मी पण पैसे टाकतो, वरचा मजला माझ्या हिश्शाचा धरा."

हे म्हणाले, "पाहू ना." ह्यांचं पाहू म्हणजे होकार असतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मला ते कळतं.

आता कबूल करते, मलाही पटलं. आमच्या ओळखीत तीन घरांनी वरचे मजले काढले होते. एकाने तर गायीचा गोठा पाडून साहेबांसाठी गॅरेज केलं, साहेब अजून यायचे होते. सगळं गाव जणू एकाच पाहुण्याची वाट पाहत होतं. मी नवं पान उघडलं आणि वर लिहिलं: वरचा मजला.

त्या पानावर काय काय आलं ते आज वाचते तेव्हा माझं डोकं तापतं. साहेबांसाठी वेगळं मीटर. साहेबांसाठी कमोड, कारण भोपाळच्या साहेबांना खाली बसायची सवय नसणार. गीझरचा पॉइंट. बेडरूमला दोन खिडक्या, एक पूर्वेला, एक उत्तरेला. आम्ही त्या माणसाचं नाव, खातं, बायकोमुलं काही जाणत नव्हतो. तो भोपाळहून निघालाही नव्हता. पण त्याला सकाळचं ऊन लागेल याची सोय आम्ही पोहे खाता खाता केली.

मग जिन्याचा प्रश्न आला. प्लॉटच्या पुढे रस्ता, पश्चिमेला शेजाऱ्यांची भिंत, पूर्वेला पाच फूट मोकळी जागा, मागे अंगण. जिना हॉलमधून नको, साहेबांची ये-जा आपल्या हॉलमधून कशी चालेल. मागून काढा, मी म्हटलं.

भाऊजींनी तोंड वाकडं केलं. "मागून? तिथे आपली भांडी घासाची मोरी राहीन. साहेब रोज खरकटी भांडी पाहात वर जाईन का?"

ठेकेदारांनी पेन्सिल काढली. "फिर पूरब से ही जाएगा, दीदी."

"तिथे खोलीची खिडकी आहे."

"खिड़की के सामने सीढ़ी का पेट आएगा. हवा नहीं, धूप नहीं. मैं तो कहूँगा मत रखो. बाद में कभी लगे तो देख लेंगे."

माझ्या यादीला तीन रकाने असतात. आत्ता, नंतर, रद्द. या रकान्यांचा मला अभिमान आहे, शाळेतसुद्धा मी असंच काम करते. रद्द लिहायला मला जिवावर आलं, म्हणून बाब चौदामधली खिडकी मी "नंतर"मध्ये टाकली. किती सोपं गेलं. रद्द लिहिलं असतं तर कुणाला तरी जाऊन सांगावं लागलं असतं. नंतर लिहिलं की सांगायची गरजच उरत नाही.

स्वयंपाकघरातून आत्या आल्या आणि रिकाम्या बशा गोळा करून घेऊन गेल्या. जाताना विचारलं, "ठरलं का सगळं?"

भाऊजी म्हणाले, "हव, आत्या. सगळं झकास ठरलं."

नकाशा मंजूर करायला चार ठिकाणी प्लॉटमालकाची सही लागते. पुढच्या आठवड्यात आत्यांना रिक्षाने महापालिकेत घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून चारही ठिकाणी नीट सही केली. नकाशा उलगडून बघितला आणि बोट ठेवलं. "ही माही खोली?"

"हो."

"खिडकी दिसत नाही."

मी म्हटलं, "ती नंतर आहे, आत्या."

"बरं," त्या म्हणाल्या. नकाशाची घडी होती तशीच परत घातली. ठरवताना त्या गैरहजर होत्या आणि सही करताना हजर. हे वाक्य मला त्या दिवशी सुचायला हवं होतं. तीन वर्षांनी सुचून त्याचा काय उपयोग.

एप्रिलात पाया, जूनच्या आधी जोतं, दसऱ्याच्या सुमारास खालचा स्लॅब. मध्ये एकदा नळाचं आणि संडासाचं सामान घ्यायला गोल बाजाराकडे गेलो, मी आणि आत्या. यादीत एकच कमोड होता, वरचा. खाली देशी भांडं. दुकानदाराने पाच-सहा कमोड ओळीने मांडले होते. मी किमती लिहून घेत होते. मागे वळून पाहते तर आत्या त्यातल्या एकावर पदर सावरून बसल्या होत्या. दुकानात गिऱ्हाईक होतं, दोन नोकर होते, सगळे वळून बघायला लागले.

"माताजी, यह डिस्प्ले का है," दुकानदार म्हणाला.

"जानती हूँ, भैया. साहब के लिए ले रहे हैं. साहब का नाप नहीं है अपने पास, तो मैं ही बैठ के देख रही हूँ." मग माझ्याकडे पाहून मराठीत, "बरा आहे. गुडघे दुखत नाहीत."

दुकानदार हसला, नोकर हसले, मीही हसले. आणि मग मला इतका राग आला की कान गरम झाले. राग कुणाचा ते तेव्हा नीट कळलं नाही. तीन वर्षं या बाई सकाळी संडासातून भिंतीला धरून उठतात, हे मी रोज बघत होते, आणि बघूनही कमोड वरच्या मजल्याच्या पानावर लिहिला होता. मी तिथेच उभ्या उभ्या यादीतला ओट्याचा ग्रॅनाइट कापला, कडप्पा लिहिला, आणि दुकानदाराला म्हटलं, दोन द्या.

संध्याकाळी भाऊजींचा फोन. "वहिनी, दोन कमोड काहून?"

"खाली पण माणसं राहतात, भाऊजी."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं मी जिंकले. खिडकीचं तेव्हाच काढायला हवं होतं, जिना अजून कागदावरच होता. पण मला स्लॅबची तारीख दिसत होती, ठेकेदाराची माणसं थांबलेली दिसत होती. एक लढाई जिंकली की दुसरी पुढे ढकलावीशी वाटते. यादी ठेवणाऱ्यांचा हा दोष असतो. एका बाबीपुढे बरोबरची खूण केली की सगळं पान सुधारल्यासारखं वाटतं.

वरचा स्लॅब पडला आणि पैसे संपले. वर फरशी, रंग, दारं बाकी होती, आणि साहेबांना फरशीशिवाय कसं ठेवणार. भाऊजी भिलाईहून आले ते एक छापील कागद घेऊन आले. त्यावर तयार खोलीचं चित्र होतं. पत्र्याच्या भिंती, आत थर्माकोल, एक दार, एक पंखा.

"वहिनी, हे पाहा. दोन दिवसात उभी होते. नव्या सरकारी ऑफिसांच्या कामावर इंजिनियर लोक याच्यातच बसून राहिले, एसी लावून. मागच्या अंगणात ठेवून देऊ आत्यासाठी. तिची खोली हॉलमध्ये घेऊन टाकू, भिंत, दार, प्लास्टर, सगळं वाचते. आन् याले तर खिडकी पण येते."

खिडकी पण येते. पंखा पण येतो. एसी येत नाही, तो इंजिनियर लोकांचा. मे महिन्यात रायपूरमध्ये पत्र्याच्या खोलीत माणूस कसा राहतो ते बघायला मला भाऊजींना त्यात दुपारभर बसवायचं होतं. मी तसं म्हणालेही. हे म्हणाले, पाहू ना. मी म्हटलं, "तुम्ही पाहू नका. हे मी पाहते."

आत्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी कागद मागितला, दूर धरून बघितला.

"आयुष्यभर रेल्वेत काढलं," त्या भाऊजींना म्हणाल्या, "डब्यात राहाचं तेवढं राहिलं होतं. इंजन कोण लावून देते, तू?"

भाऊजी हसले, कागद खिशात घातला. खोली वाचली. भिंत, दार, प्लास्टर सगळं झालं. पूर्वेची भिंत मात्र कोरी, आणि तिच्या बाहेरून जिना. हवेसाठी स्वयंपाकघराच्या बाजूला वर एक झरोका ठेवला. त्यातून फोडणीचा वास येतो, उजेड नाही.

हळूहळू पैसे जमवत, पुढच्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही राहायला गेलो. जानेवारीत साहेब आले. खरेखुरे, भोपाळहून, मफलर घालून, बायकोसह. भले वाटले. वरचा मजला बघितला, नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या, मॅडम म्हणाल्या धूप अच्छी आती है. खाली उतरल्यावर साहेबांनी आत्यांच्या खोलीत डोकावलं. आत दिवसाही बल्ब लावलेला असतो. आत्या पलंगावर बसलेल्या.

"यह गार्ड का कमरा है?" साहेबांनी अगदी सहज विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, "हव साहब. गार्ड मैं ही हूँ. चौंतीस साल की नाइट ड्यूटी है."

साहेब ओशाळले. नमस्ते केलं, बूट घालताना दोनदा सॉरी म्हणाले. साहेबांवर माझा राग नाही. त्यांनी जे बघितलं ते बोलले. बिनखिडकीची, जिन्याखालची, दाराजवळची खोली दुसऱ्या कुणाची असणार. आम्ही दीड वर्ष घर बांधलं आणि आमच्यातल्या एकाच्याही डोळ्यांना ते दिसलं नव्हतं, त्यांना पायरीवरून दिसलं.

साहेब परत आले नाहीत. त्यांना सरकारी बंगला मिळाला. त्यांच्यासारख्या सगळ्यांनाच हळूहळू मिळाला. आमच्या रस्त्यावर एकवीस घरांचे वरचे मजले कुलपात होते, गॅरेजवाल्यांनी पुन्हा गाय आणली. आमचा वरचा मजला आठ महिने रिकामा राहिला. मी दर शनिवारी वर जाऊन झाडू मारायची. पूर्वेच्या खिडकीतून फरशीवर उन्हाचा चौकोन पडलेला असायचा, रिकाम्या खोलीत, कुणासाठीच नाही. आणि त्याच्या बरोबर खाली आत्या बल्ब लावून पेपर वाचत असायच्या.

मुलीने एकदा जेवताना विचारलं, "आजी ऊपर क्यों नहीं रहती? ऊपर तो कोई है ही नहीं."

आत्या म्हणाल्या, "जिना कोण चढते, पोट्टे? माहे गुडघे का साहेबाचे आहेत?"

हे वरण ओतून घेत राहिले. ज्या जिन्याने उजेड अडवला तोच चढता येत नाही म्हणून वरचा उजेडही नाही. अशी व्यवस्था मुद्दाम आखायची म्हटली तरी जमली नसती. आम्ही ती चार माणसांत, एका सकाळी, यादी करून जमवली.

आता वर भाडेकरू आहेत. बँकेतला एक तरुण आणि त्याची बायको, भाडं बेताचं. ते भाऊजींकडे जातं, वरचा हिस्सा त्यांचा. आत्या सकाळी खुर्ची घेऊन जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीशी बसतात. आठाच्या पुढे तिथे हातभर ऊन येतं. भाडेकरूची बायको उतरताना म्हणते, आजी, जरा पाय घ्या. आत्या पाय घेतात.

मागच्या मंगळवारी मी त्याच ठेकेदारांना बोलावलं. जुनी वही काढून ठेवली. पहिलं पान उघडलं आणि हजेरी वाचली. मी, हे, भाऊजी, ठेकेदार, मुलगी. चहा देणाऱ्या मुलीचं नाव आहे, कंसात खुलाशासकट. घर जिच्या प्लॉटवर, तिचं नाव नाही. ते मी लिहिलं नाही. कुणी मला लिहू नको म्हटलं नव्हतं. इतके दिवस भाऊजींवर, साहेबांवर, पाहू ना म्हणणाऱ्या नवऱ्यावर मी चिडत आले. त्यांच्यावरचा राग खोटा नव्हता. पण पेन माझ्या हातात होतं.

ठेकेदारांनी जिन्याला हात लावून बघितला. "पीछे ले जा सकते हैं, दीदी. यह तोड़ना पड़ेगा. उतना बड़ा काम नहीं है."

"मोरी के पास से?"

"हाँ. बर्तन दिखेंगे," ते म्हणाले आणि हसले. त्यांनाही आठवत होतं.

मग आत जाऊन त्यांनी खडूने आत्यांच्या पूर्वेच्या भिंतीवर चौकोन काढला, चार बाय चार. आत्या पलंगावर आडव्या होऊन बघत होत्या.

"भैया, थोडा नीचे लो. लेटे लेटे दिखना चाहिए."

ठेकेदारांनी हाताने खडू पुसला आणि वीतभर खाली दुसरी रेघ मारली. आत्यांनी मान हलवली.

या वेळी मी हजेरी लिहिली आहे: आत्या, ठेकेदार, मी. बाब चौदा "आत्ता"मध्ये घेतली आहे. पैशाची सोय मी केली आहे, त्याला कुणाचा हात लागायचा नाही. हे पाहू म्हणाले. भाडेकरूंना महिनाभर शिडीने ये-जा करावी लागेल किंवा नातेवाइकांकडे राहावं लागेल, ते मी त्यांना सांगितलं, तयार आहेत.

भाऊजींना सांगायचं राहिलं आहे. जिना त्यांच्या मजल्याचा. विचारायचं नाही, सांगायचं, हे मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली आहे. मंगळवारपासून तीनदा फोनपर्यंत गेले. आज शुक्रवार. खडूचा चौकोन भिंतीवर आहे, आत्या त्याच्याकडे तोंड करून झोपतात. फोन अजून केलेला नाही.